टेलर स्विफ्ट अंतर्मुख की बहिर्मुख? स्टेजवरच्या माणसाचा स्वभाव चार अक्षरांत ओळखता येतो का?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेअकराला वाद पेटला. विषय निवडणुकीचा नव्हता, क्रिकेटचाही नव्हता. विषय होता, टेलर स्विफ्ट 'आयएनएफजे' आहे की 'ईएसएफजे'?

एकीचं म्हणणं, इतकी खोल गाणी लिहिणारी बाई अंतर्मुखच असणार. दुसरीचं म्हणणं, सत्तर हजार लोकांसमोर तीन तास नाचणारी बाई अंतर्मुख कशी असेल? तिसरीने मुलाखतीची क्लिप टाकली. चौथीने लगेच त्याच्या अगदी उलट अर्थाची दुसरी क्लिप टाकली. रात्री एक वाजता कुणीतरी 'झोपा आता' असं लिहिलं आणि विषय संपला. अर्थात निकाल न लागताच.

तुमच्याही ग्रुपवर असं काही झालं असेल. टेलर नसेल तर बीटीएस असेल, ब्लॅकपिंक असेल. पण प्रश्न तोच. ज्या व्यक्तीला आपण कधी भेटलो नाही आणि बहुधा भेटणारही नाही, तिचा स्वभाव तिच्या गाण्यांवरून, मुलाखतींवरून आणि इन्स्टाग्रामवरून ओळखता येतो का? येत असेल तर किती? आणि हा नुसता टाइमपास आहे की त्याचा आपल्या आयुष्याशी काही संबंध आहे?

एकेक करून पाहू.

ही चार अक्षरं आली कुठून?

'आयएनएफजे' वगैरे अक्षरं ज्या चाचणीतून येतात तिचं नाव मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर, म्हणजे एमबीटीआय. ही चाचणी तयार केली अमेरिकेतल्या एका आई-मुलीने. आई कॅथरीन कुक ब्रिग्ज आणि मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स.

गंमत म्हणजे या सगळ्याच्या मुळाशी आहे जावई. पहिल्या महायुद्धाच्या काळात इझाबेल आपल्या होणाऱ्या नवऱ्याला, क्लॅरेन्स मायर्सला, घरी घेऊन आली. मुलगा चांगला होता, पण घरातल्या सगळ्यांपेक्षा त्याची विचार करण्याची पद्धत एकदम वेगळी. हा असा का, हे कोडं सोडवताना कॅथरीन माणसांच्या स्वभावांचं वर्गीकरण करायला लागल्या. पुढे स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांचं १९२१ साली आलेलं स्वभावप्रकारांवरचं पुस्तक इंग्रजीत भाषांतरित झालं. ते वाचून कॅथरीन भारावून गेल्या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या लाखो बायका पहिल्यांदा कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला जाऊ लागल्या. कुणाला कोणतं काम जमेल हे ठरवायला मदत व्हावी म्हणून इझाबेल यांनी युंगच्या कल्पनांवरून प्रश्नावली बनवली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नव्हतं. इझाबेल तर रहस्यकथाही लिहायच्या.

चाचणीत चार जोड्या असतात.

पहिली, ई की आय? म्हणजे माणूस बहिर्मुख की अंतर्मुख.

दुसरी, एस की एन? म्हणजे समोर दिसणाऱ्या ठोस गोष्टींवर भर की त्यामागच्या शक्यता आणि अर्थांवर भर.

तिसरी, टी की एफ? म्हणजे निर्णय घेताना तर्क पुढे की भावना आणि नाती पुढे.

चौथी, जे की पी? म्हणजे आखून, ठरवून जगणं की ऐनवेळी सुचेल तसं.

प्रत्येक जोडीतलं एक अक्षर घेतलं की चार अक्षरांचा एक प्रकार होतो. असे एकूण सोळा प्रकार. आपल्या राशी बारा, हे सोळा.

आता टेलरला या चाळणीतून काढू

टेलर स्विफ्टचा जन्म १३ डिसेंबर १९८९ चा, पेनसिल्व्हेनियातला. चौदा वर्षांची असताना तिच्या गाण्यासाठी सगळं कुटुंब टेनेसी राज्यात राहायला गेलं. २००६ मध्ये पहिला अल्बम आला. 'अल्बम ऑफ द इयर' हा ग्रॅमी चार वेळा मिळवणारी ती पहिली कलाकार. तिच्याबद्दल जितकं छापलं, बोललं आणि चित्रित केलं गेलंय, तितकं आपल्या पिढीतल्या फार थोड्या लोकांबद्दल झालं असेल. म्हणजे माहिती कमी पडतेय अशी तक्रार इथे करता येणार नाही. तरीही बघा काय होतं.

अंतर्मुख की बहिर्मुख? 'एराज टूर' मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४ या काळात चालली. १४९ कार्यक्रम, प्रत्येक कार्यक्रम तीन तासांहून मोठा, चाळीसहून जास्त गाणी. हे पाहून कुणीही 'ई' म्हणेल. पण २०२३ च्या शेवटी 'टाइम' मासिकाला दिलेल्या मुलाखतीत तिने सांगितलं की सलग कार्यक्रम झाले की एक दिवस ती अंथरुणातून उठत नाही. उठते ती फक्त खायला आणायला, आणि खातेही अंथरुणातच. झालं, 'आय' वाल्यांना पुरावा मिळाला. पण तीन तास पळत-नाचत गायल्यावर कुणाचेही पाय दुखणार. त्यात स्वभावाचा भाग किती आणि पिंढऱ्यांचा किती?

ठोस की अमूर्त? ती अल्बमच्या पुस्तिकेत, व्हिडिओत, कपड्यांत पुढच्या अल्बमचे सुगावे लपवते आणि चाहते महिनोन्महिने ते शोधत बसतात. चाहते म्हणतात, हे 'एन'. पण तिच्या गाण्यांची ताकद कशात आहे? विसरलेला स्कार्फ, स्वयंपाकघरातला उजेड, गाडीतलं एखादं वळण अशा अगदी बारीक, डोळ्यांना दिसणाऱ्या तपशिलांत. मग हे 'एस' नाही का?

तर्क की भावना? प्रेमभंगाची गाणी लिहिणारी म्हणून सगळे डोळे झाकून 'एफ' देतात. आता दुसरी बाजू. २०१९ मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क तिच्या मनाविरुद्ध विकले गेले. तिने काय केलं? जुने अल्बम पुन्हा गाऊन बाजारात आणायला सुरुवात केली. २०२१ ते २०२३ मध्ये असे चार अल्बम आले. चाहते नव्या आवृत्त्या ऐकू लागले आणि २०२५ च्या मे महिन्यात तिने मूळ हक्कही विकत घेतल्याचं जाहीर केलं. याला भावना म्हणायचं की थंड डोक्याने केलेला व्यवहार? मला विचाराल तर दोन्ही. पण चाचणीत 'दोन्ही' असा पर्याय नसतो.

आखणी की ऐनवेळी? इथे बहुतेक सगळे 'जे' म्हणतात आणि खरं तर चौघांत हाच अंदाज सगळ्यांत पक्का वाटतो. टूरच्या तयारीसाठी ती रोज ट्रेडमिलवर पळत सगळी गाणी म्हणायची, हेही तिनेच सांगितलंय. पण लक्षात घ्या, एवढ्या मोठ्या दौऱ्यामागे शेकडो माणसं काम करतात. स्टेजवर प्रत्येक पाऊल ठरलेलं असतं, कारण ते ठरलेलं नसेल तर कुणीतरी पडेल. आपण जी शिस्त पाहतो ती एका बाईची किती आणि सगळ्या यंत्रणेची किती, हे प्रेक्षकांतून कळत नाही.

चारही जोड्यांत तेच झालं. पुरावा भरपूर होता, पण ज्याला जे अक्षर हवं, त्याला तो पुरावा सापडला.

आपण नेमकं काय पाहतो?

मास कॉमच्या पहिल्या वर्षाला आम्हाला अर्व्हिंग गॉफमन शिकवायचे. गॉफमन हे समाजशास्त्रज्ञ. १९५० च्या दशकात त्यांनी मांडलं की रोजच्या जगण्यात आपण सगळेच थोडेफार नट असतो. दर्शनी भागात वेगळे, विंगेत वेगळे. हॉटेलातला वेटर टेबलापाशी हसतमुख असतो आणि मुदपाकखान्यात शिरला की कपाळाला आठ्या. यात खोटेपणा नाही. तो दोन्ही ठिकाणी तोच आहे, फक्त जागेप्रमाणे वागतोय.

पॉप स्टारच्या बाबतीत अडचण अशी की तिची विंगसुद्धा आपल्याला दाखवण्यासाठी सजवलेली असते. 'पडद्यामागे' असं नाव दिलेला व्हिडिओही कुणीतरी शूट केलेला, कुणीतरी एडिट केलेला आणि कुणाच्या तरी परवानगीने अपलोड झालेला असतो.

दुसरी संकल्पना त्याहून कामाची. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी एक निरीक्षण नोंदवलं. टीव्हीवरचा निवेदक कॅमेऱ्यात बघून बोलतो, तेव्हा घरी बसलेल्या माणसाला तो आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. रोज तसं घडलं की ओळख झाल्यासारखं वाटतं, मैत्री झाल्यासारखं वाटतं. पण हे नातं एकतर्फी असतं. आपल्याला त्याच्याबद्दल खूप माहिती, त्याला आपलं नावही माहीत नाही. याला त्यांनी 'पॅरासोशल' नातं म्हटलं. म्हणजे नात्यासारखं भासणारं, पण नातं नसलेलं.

तेव्हा टीव्ही नवा होता. आज टेलर आपल्या उशाशी, कानातल्या इअरफोनमध्ये असते. त्यामुळे 'मी हिला ओळखते' हे वाटणं किती घट्ट होत असेल, याचा विचार करा.

निळू फुलेंना लागलेल्या शिव्या

गाणं म्हणजे गायिकेची डायरी, असं आपण धरून चालतो. ही चूक फार जुनी आहे आणि तिच्यावर एक प्रसिद्ध प्रयोग झालाय.

१९६७ मध्ये एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्याबद्दलचे निबंध वाचायला दिले. काही निबंध कॅस्ट्रोंच्या बाजूचे, काही विरोधातले. मग विचारलं, लिहिणाऱ्याचं खरं मत काय असेल? एका गटाला तर आधीच सांगितलं होतं की कुणी कोणती बाजू लिहायची हे दुसऱ्यानेच ठरवून दिलं होतं. तरीही त्या गटातल्या वाचकांना वाटलं की बाजूने लिहिणारा मनातूनही थोडाफार बाजूचाच असणार.

म्हणजे समोरचा जे करतो ते त्याच्या स्वभावातूनच आलंय, असं आपण पटकन ठरवतो. परिस्थिती, काम, दबाव हे आपल्या हिशेबात येतच नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी याला 'मूलभूत कारणमीमांसेची चूक' अशा अर्थाचं नाव दिलं.

आपल्याकडे याचं उदाहरण द्यायला निळू फुले पुरेत. पडद्यावर बेरकी, लंपट पाटील त्यांनी असा काही रंगवला की गावोगावच्या बायका त्यांना पाहून बोटं मोडायच्या, शिव्या घालायच्या, असे किस्से आजही सांगितले जातात. प्रत्यक्षातला माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, सामाजिक चळवळींसोबत उभा राहणारा. पडद्यावरच्या निळूभाऊंवरून स्वभाव ओळखायला गेलेला माणूस पूर्ण उलट उत्तरावर पोचला असता.

टेलरच्या बाबतीतही हेच. २०२० मध्ये लॉकडाउनमध्ये आलेल्या 'फोकलोर' या अल्बममधली काही गाणी काल्पनिक पात्रांच्या तोंडची आहेत, हे तिने स्वतः सांगितलंय. शाळकरी वयातल्या एका प्रेमत्रिकोणाची गोष्ट तीन गाण्यांत तीन वेगवेगळ्या पात्रांच्या नजरेतून येते. त्यातल्या एका गाण्यातला 'मी' तर मुलगा आहे. या गाण्यांवरून टेलरचा स्वभाव सांगायचा तर नेमक्या कोणत्या पात्राचा सांगणार?

आणखी एक उदाहरण. बरीच वर्षं ती राजकारणावर काहीच बोलत नव्हती. लोकांनी त्यावरून स्वभाव काढला. कुणी म्हणालं हिशेबी, कुणी म्हणालं बेफिकीर. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ती पहिल्यांदा उघडपणे बोलली आणि २०२० मध्ये आलेल्या 'मिस अमेरिकाना' या माहितीपटातून मागची गोष्ट कळली. कंट्री संगीतात वाढलेल्या मुलीला लहानपणापासून 'डिक्सी चिक्स'चं उदाहरण दिलं जायचं. २००३ मध्ये इराक युद्धाच्या वेळी राष्ट्राध्यक्षांवर टीका केली म्हणून त्या बँडची गाणी रेडिओवरून गायब झाली होती. म्हणजे ज्याला लोक स्वभाव समजले, त्यात भीतीचा आणि धंद्याच्या नियमांचा मोठा वाटा होता.

त्याच माहितीपटात तिने सांगितलं की लोकांनी आपल्याला 'चांगली' म्हणावं ही तिची लहानपणापासूनची गरज होती, आणि फोटो पाहून ती जेवणही तोडायची. बाहेरून त्या वर्षांत काय दिसत होतं? हसरी, आत्मविश्वासू मुलगी. तेव्हा तिला चार अक्षरं देणाऱ्यांपैकी कुणाला हे दिसलं असतं?

मग अंदाज कधीच बरोबर येत नाही का?

तसंही नाही. आणि हा भाग महत्त्वाचा आहे, कारण 'कुणाबद्दल काहीच सांगता येत नाही' हे म्हणणंही खरं नाही.

मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये एका अभ्यासात पाहिलं की माणसाबद्दल कुणाला काय नीट कळतं. चिंता, मनातली अस्वस्थता अशा आतल्या गोष्टी ज्याच्या त्याला जास्त नीट कळतात. बुद्धी, सर्जनशीलता अशा गोष्टींत आपला स्वतःबद्दलचा अंदाज चुकतो आणि मित्रांचा जास्त बरोबर येतो. बोलकेपणासारख्या बाहेर दिसणाऱ्या गोष्टी मात्र अनोळखी लोकही बऱ्यापैकी ओळखतात.

हे पॉप स्टारला लावून पाहा. टेलर मेहनती आहे, बारकाईने काम करते, हे दोन दशकांच्या कामावरून म्हणता येईल, कारण ते तिच्या कृतीतून वारंवार दिसलंय. पण ती रात्री कशाला घाबरते, एकटी असताना कशी असते, निर्णय घेताना आत काय चालतं, हे नाही सांगता येत. आणि एमबीटीआयची बरीचशी अक्षरं नेमकी याच आतल्या गोष्टींबद्दल आहेत. त्यामुळे चाचणीचे प्रकाशकही हेच म्हणतात की आपला प्रकार कोणता हे शेवटी ज्याचं त्यानेच ठरवायचं. दुसऱ्याने दुरून लावायचं ते लेबल नाही.

स्वतःची चाचणी दिली तरी प्रश्न आहेतच. १९९३ मध्ये डेव्हिड पिटेंजर यांनी या चाचणीचा आढावा घेतला. पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर जवळपास निम्म्या लोकांचं किमान एक अक्षर बदलतं, असं त्यातून दिसलं. बीटीएसच्या मुलांनीही २०२२ मध्ये कॅमेऱ्यासमोर पुन्हा चाचणी दिली, तेव्हा काहींची अक्षरं आधीपेक्षा वेगळी आली होती.

असं का होतं? उंचीचं उदाहरण घ्या. समजा १६५ सेंटिमीटरच्या वर सगळे 'उंच' आणि खाली सगळे 'बुटके' असे दोनच गट केले. १६४ आणि १६६ वाली माणसं जवळपास सारखीच, पण गट वेगळे. उलट १६६ आणि १९० वाले एका गटात. स्वभावाचंही तसंच. बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मधेच कुठेतरी असतात. म्हणून आज संशोधक जास्त करून 'बिग फाइव्ह' ही पद्धत वापरतात. तिच्यात पाच गुण मोजतात आणि कप्पे न करता प्रत्येक गुण किती आहे ते पाहतात.

गंमत म्हणजे ज्यांच्या पुस्तकावरून हे सुरू झालं, त्या युंग यांनीच पुढे एका प्रस्तावनेत माणसांना असं कप्प्यांत टाकण्याला पोरखेळ म्हटलं होतं.

तरी ते वर्णन इतकं 'आपलं' का वाटतं?

१९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. आठवड्याने प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं 'खास' वर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग सरांनी उघड केलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता. त्यातली बहुतेक वाक्यं त्यांनी फुटपाथवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून घेतली होती.

रविवारच्या पुरवणीत आधी राशिभविष्य वाचणाऱ्या घरात मी वाढले. त्यामुळे हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, थोडी लाज मात्र वाटली. 'तुम्ही बाहेरून कणखर असलात तरी आतून हळव्या आहात' हे वाक्य वृश्चिकेला चालतं, कन्येला चालतं आणि आयएनएफजेलाही चालतं.

चाहत्यांच्या बाबतीत यात एक पदर वाढतो. डेव्हिड ग्रीनबर्ग, सँड्रा मॅट्झ आणि सहकाऱ्यांनी पन्नास प्रसिद्ध गायक-गायिका आणि ८० हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास केला. ज्या कलाकाराची सार्वजनिक प्रतिमा आपल्या स्वभावाशी जुळते, त्याचं संगीत लोकांना जास्त आवडतं, असं त्यांना आढळलं. आता आमच्या ग्रुपवरचा वाद पुन्हा आठवा. टेलर अंतर्मुख आहे असं हिरिरीने म्हणणारी मैत्रीण स्वतः अंतर्मुख आहे. बहिर्मुख म्हणणारी स्वतः लग्नाच्या वरातीत सगळ्यांत पुढे नाचणारी. दोघीही टेलरबद्दल बोलत होत्या, असं मला आता वाटत नाही.

यात बिघडतं काय?

मैत्रिणींच्या ग्रुपवर काहीच बिघडत नाही. पण दुरून स्वभाव ठरवण्याची सवय मोठ्या जागी गेली की बिघडतं. १९६४ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याबद्दल एका मासिकाने बारा हजारांहून जास्त मानसोपचारतज्ज्ञांना प्रश्न पाठवला. १,१८९ जणांनी उत्तर दिलं की हा माणूस या पदासाठी मानसिकदृष्ट्या योग्य नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्यांना कधी तपासलंच नव्हतं. गोल्डवॉटर यांनी खटला भरला आणि जिंकला. पुढे १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला की प्रत्यक्ष तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय कुणाबद्दल असं मत जाहीर करायचं नाही. जे तज्ज्ञांना करायला मनाई आहे, ते आपण रिल्सवर रोज करतो.

आणि लेबलाचं काय होतं हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. 'मुलगी मूळ नक्षत्राची आहे', 'मुलाला कडक मंगळ आहे' एवढ्या दोन शब्दांवर कितीतरी घरांत पुढची चौकशी थांबते. माणूस कसा आहे हे विचारायची गरजच राहत नाही.

माझं स्वतःचं सांगते. पहिल्या इंटर्नशिपला आम्हा सगळ्यांकडून इंटरनेटवरची एक फुकटची चाचणी भरून घेतली होती. माझं पहिलं अक्षर 'आय' आलं. मला सांगितलं गेलं, 'तू डेस्कवर बस, फील्ड तुला नाही झेपणार.' मजा म्हणजे मला वाईट वाटलं नाही. उलट सुटका झाल्यासारखं वाटलं. टेलरही अंतर्मुख, मीही अंतर्मुख, असं मनात म्हणून मी चार महिने इतरांच्या बातम्यांचे मथळे सुधारत बसले. त्या काळात कुणी बाहेर पाठवलं नाही आणि मीही मागितलं नाही.

मग एका पावसाळी दिवशी निम्मा स्टाफ पोचलाच नाही आणि मला स्टेशनवर पाठवलं गेलं. लोकल बंद, प्लॅटफॉर्म भरलेला. पहिल्या माणसाशी बोलायला मला दहा मिनिटं लागली. पण संध्याकाळपर्यंत वहीत एकोणीस जणांचं बोलणं होतं. त्यात एक मासळी विकणाऱ्या मावशी होत्या. त्यांचा सगळा माल टोपलीत खराब होत होता आणि त्या मलाच विचारत होत्या, 'तू जेवलीस का गं?' ती बातमी माझ्या नावाने लागलेली पहिली बातमी.

नंतर मी तीच चाचणी पुन्हा दिली. पहिलं अक्षर 'ई' आलं. पण मी काही बदलले नव्हते. अनोळखी माणसाला फोन लावायच्या आधी मला आजही दोन मिनिटं लागतात. फक्त त्या दोन मिनिटांवरून मी कुठे बसायचं हे ठरवू नये, एवढंच मला कळलं.

पुढच्या वेळी वाद झाला तर

खेळ थांबवायची गरज नाही. गप्पा मारायला, स्वतःबद्दल दोन गोष्टी बोलायला ही अक्षरं चांगलं निमित्त आहेत. फक्त कुणाला अक्षरं लावण्याआधी तीन प्रश्न विचारून पाहा.

एक, मी हे तिचं वागणं पाहतेय की तिचं काम? गाणं, भूमिका, जाहिरात हे काम आहे.

दोन, तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तेही असंच वागलं असतं का? उत्तर 'हो' असेल तर तो स्वभावाचा पुरावा नाही, परिस्थितीचा आहे.

तीन, याच्या उलट पुरावा मी शोधला का? की जो मिळाला तो डोळ्याआड केला?

हे तिन्ही प्रश्न टेलरला लावून झाले की घरातल्या माणसांनाही लावून पाहा. 'आमचा धाकटा लाजराच आहे', 'हिला गणित जमणारच नाही', 'तो ना, पहिल्यापासून तापट' ही वाक्यं आपण जन्मभर ऐकतो. टेलरपर्यंत आपली चार अक्षरं पोचत नाहीत. धाकट्यापर्यंत मात्र रोज पोचतात.

आमच्या ग्रुपवर मी हे सगळं थोडक्यात लिहून पाठवलं. दोन निळ्या टिक आल्या. पाच मिनिटांनी एकीचं उत्तर आलं, 'हे असलं लिहिणारी तू नक्की आयएनटीपी.'